एका मोटारीचा जीर्णोद्धार

इतिहासाच्या अध्यापकानें मोटारीच्या ब्रेकांविषयीं लेख लिहावा, याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनदा, अशी आपली समजूत शाळेंतच पक्की होऊन बसलेली असते. यंत्रांच्या इतिहासांतही आपलें लक्ष जातें तें वेग वाढविणाऱ्यांकडे. अमुक गाडी अमुक सालीं ताशीं शंभर मैल धांवली, हें लोकांस तोंडपाठ असतें. ती थांबविली कशी, हें कोणी विचारीत नाहीं.

मला हा प्रश्न पडला तो ग्रंथालयांत नव्हे, खंडाळ्याच्या घाटांत. त्या वेळीं मी अकरा-बारा वर्षांचा असेन. वडिलांनीं एक जुनी मोटार विकत घेतली होती. तिची जात सांगण्याचें कारण नाहीं. ब्रेकांच्या बाबतींत त्या काळच्या आपल्याकडील बहुतेक गाड्या एकाच माळेचे मणी होत्या. पुण्याहून मुंबईस जातांना निम्मा उतार संपला असेल नसेल, तोंच कांहीं करपल्यासारखा वास येऊं लागला. आई म्हणाली, "अहो, कांहींतरी जळतें आहे." वडिलांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांचा पाय पेडलावर रोवलेला होता, पेडल दगडासारखें घट्ट लागत होतें, आणि गाडी मात्र थांबत नव्हती. त्यांनीं गियर खालचा टाकला, हातब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारांत दोन चाकें घालून गाडी कशीबशी उभी केली. अर्धा-पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला बसून होतों. त्यानंतर ते ब्रेक, जणूं कांहीं घडलेंच नाहीं, असे पूर्ववत् लागूं लागले! पुढें आयुष्यभर घाट उतरतांना वडील कोणाशीं एक शब्द बोलत नसत.

या चमत्काराचा उलगडा अवघड नाहीं. ब्रेक गाडीची गति नाहींशी करीत नाहीं, तो तिची उष्णता करतो. तेराशें किलो वजनाची गाडी ताशीं शंभर किलोमीटर वेगानें जात असतां थांबविली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेनें सुमारें दीड लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. तीच गाडी पांचशें मीटरांचा घाट इंजिनाची मदत न घेतां केवळ ब्रेकांवर उतरली, तर वीसएक लिटर पाणी, म्हणजे आपल्या न्हाणीघरांतला बंबच, उकळावयास लागेल. आमच्या त्या गाडीच्या चार चाकांत त्या दिवशीं एक बंब पेटला होता, आणि त्याची वाफ जावयास वाट नव्हती.

वाट कां नव्हती, हें ड्रम-ब्रेकाची रचना पाहिली म्हणजे कळतें. चाकाबरोबर फिरणारा एक बिडाचा उथळ डबा, म्हणजे ड्रम. त्याच्या आंत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू. शूंवर घर्षण करणारें लायनर. पेडल दाबलें कीं शू फांकतात व ड्रमच्या आंतल्या अंगावर घांसतात. या रचनेंत एक मोठी खुबी आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढूं पाहतो, त्यामुळें तो शू पाचरीसारखा अधिकच घट्ट बसतो, आणि चालकाच्या पायाला श्रम कमी पडतात. परंतु गाडी तापली कीं हीच खुबी उलटते. लायनरचें घर्षण थोडें कमी झालें तर पाचरीचा जोर पुष्कळच कमी होतो. शिवाय उष्णतेनें ड्रम प्रसरण पावून शूंपासून दूर जातो. ज्या वेळीं गरज अधिक, त्याच वेळीं साह्य कमी! उलटपक्षीं उघडी तबकडी फिरत ठेवून तिला दोन्ही बाजूंनीं चिमट्यांत धरली, तर तिला वारा लागतो, पाणी तिच्यावरून भिरकावलें जातें, आणि ती तापून जाड झाली तरी चिमट्याच्या जवळच येते, दूर जात नाहीं. हाच डिस्क-ब्रेक. पाचरीचें फुकट साह्य यांत मिळत नाहीं, म्हणून पायाचा दाब अधिक लागतो. पण जें मिळतें तें शेवटपर्यंत टिकतें.

गंमत अशी कीं हीं दोन भावंडें जवळजवळ एकाच वेळीं जन्मलीं. १९०२ च्या सुमारास फ्रान्समध्यें लुई रनो यानें ड्रम-ब्रेक प्रचारांत आणला. त्याच वर्षीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यानें तबकडीच्या ब्रेकाचें पेटंट घेतलें. पण तबकडी पकडावयास लँचेस्टरजवळ तांब्याशिवाय दुसरें कांहीं नव्हतें. धातूवर धातू घांसून अशी किंकाळी उठे कीं ती ऐकवत नसे, आणि धुळीच्या रस्त्यांवर तें तांबें झिजूनही लवकर जाई. कल्पना बरोबर होती, सामग्री जन्माला यावयाची होती. ती ज्यानें आणली त्या हर्बर्ट फ्रूड याची गोष्ट मला नेहमीं मौजेची वाटते. डर्बीशायरच्या टेकड्यांवरचे शेतकरी उतारावर आपल्या गाड्यांच्या चाकांस जुना बूट अडकवून वेग आंवरीत. तें पाहून त्याला घर्षणाच्या अस्तराची कल्पना सुचली असें सांगतात. त्यानें १८९७ सालीं धंदा सुरू केला, व पुढें आपल्या नांवाचीं अक्षरें थोडीं फिरवून मालाला 'फेरोडो' हें नांव दिलें. त्याच्या पुढच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांस किती घातक आहे हें जगाला फार उशिरां कळलें. जुना ड्रम उघडतांना तोंडानें फुंकर मारणारे आपले मिस्त्री मीं लहानपणीं पुष्कळ पाहिले आहेत.

पायाचा दाब चाकापर्यंत पोंचविण्यासाठीं तारा आणि दांड्यांच्या जागीं नळींतील द्रव वापरण्याची युक्ति अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड याची. विमानांसाठीं प्रसिद्ध झालेलें तें हेंच घराणें. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडींत ती युक्ति चारही चाकांस आली. मात्र पुढील चाळीसहून अधिक वर्षें बहुतेक गाड्यांत ही नळीची व्यवस्था एकेरीच राहिली. एका चाकाची नळी फुटली कीं चारही चाकांचा ब्रेक गेला. हातब्रेक आणि परमेश्वर, एवढाच आधार. अमेरिकेंत सुरक्षिततेचा कायदा १९६६ सालीं झाला, आणि त्याखालीं दुहेरी व्यवस्था सक्तीची व्हावयास १ जानेवारी १९६८ उजाडावा लागला.

तबकडीला दुसरा जन्म मिळाला तो विमानांमुळें. दुसऱ्या महायुद्धांत जड विमानें भर वेगानें धांवपट्टीवर उतरूं लागलीं, तेथें ड्रमचें कांहीं चालेना. युद्ध संपल्यावर ती विद्या रस्त्यावर आली. १९४९ सालीं अमेरिकेंत क्रॉस्ले या चिमुकल्या गाडीला तसे ब्रेक बसविले गेले, पण हिंवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेल्या मिठानें ते गंजून अडकूं लागले, आणि तो प्रयोग आटोपता घ्यावा लागला. खरा निकाल लागला तो फ्रान्समधील ले मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत. जग्वारवाल्यांनीं डनलॉप कंपनीबरोबर खटपट करून आपल्या सी-टाइप गाडीस तबकड्या बसविल्या. १९५२ सालीं रांस येथें स्टर्लिंग मॉस यानें त्या गाडीवर शर्यत जिंकली. आणि १९५३ च्या जूनमध्यें टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनीं ले मां जिंकली, ती ताशीं १०५ मैलांहून अधिक सरासरीनें. शंभर मैलांची सरासरी तेथें तोंपर्यंत कोणी गांठली नव्हती. त्या मार्गावर त्या काळीं सुमारें साडेतीन मैलांचा एक सरळ रस्ता होता, आणि त्याच्या अखेरीस एकदम काटकोनी वळण. इतर चालक वळणाच्या पुष्कळ आधीं पाय दाबीत. जग्वारवाले त्यांच्यामागून दाबीत. चोवीस तास, फेरीमागून फेरी, हीच मिळकत त्यांनीं सांठविली.

परंतु एक लवकर थांबूं शकतो आणि त्याच्या मागचा थांबूं शकत नाहीं, यांत केवढा धोका आहे, हेंही त्याच मार्गावर दिसलें. ११ जून १९५५ रोजीं माइक हॉथॉर्न याची जग्वार थांब्यासाठीं उजवीकडे घेऊन मंदावली. मागची ऑस्टिन-हीली तिला चुकविण्यासाठीं बाजूस सरली. आणि तिच्यावर वेगानें येणारी पिएर लव्हे याची मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत घुसली. ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. जग्वार आणि हीली या दोहोंस तबकड्या होत्या. मर्सिडीजला ड्रम होते व त्यांच्या मदतीस पाठीवर उघडणारा एक पत्रा. त्या अनर्थाचें माप एकट्या ब्रेकांच्या पदरांत घालणें अन्यायाचें होईल. रस्ता अरुंद होता, प्रेक्षकांस पुरेसा आडोसा नव्हता, आणि चौकशींत कोणाही चालकावर दोष ठेवला गेला नाहीं. तथापि निरनिराळ्या पिढ्यांचे ब्रेक एकाच रस्त्यावर धांवतात तेव्हां काय होऊं शकतें, याचा विचार करतांना मला तो दिवस आठवल्याशिवाय राहत नाहीं.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत सित्रोएनची डी. एस. गाडी पुढच्या तबकड्यांसह आली, पुढच्या वर्षीं इंग्लंडची ट्रायंफ टी. आर. ३ आली, आणि यूरोपांत हा ब्रेक सामान्य गिऱ्हाइकाच्या दारीं पोंचला. आपल्या दारीं तो पोंचला नाहीं. फियाटची ११०० डी गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत होऊं लागली. इटलींत तिच्याच पुढच्या आवृत्तीला, ११०० आर हिला, १९६६ सालीं पुढच्या चाकांस तबकड्या मिळाल्या. आपल्याकडची गाडी पुढें 'पद्मिनी' या नांवानें शतकाच्या अखेरीपर्यंत ड्रमवरच चालली. मुंबईच्या टॅक्सींत ती २०२३ पर्यंत दिसत होती. परवान्यांच्या त्या काळांत गाडीसाठीं वर्षानुवर्षें रांगेंत उभे राहणारे गिऱ्हाईक ब्रेक कसले, हें विचारीत नसे. आणि न विचारणाऱ्याला कोणी आपण होऊन सांगत नसतें.

आतां ज्या गाडीसाठीं हा लेख लिहावयास बसलों तिच्याकडे वळतों. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंतील ओहायो राज्यांत राहतो. इतिहासांत त्याला कधीं पन्नासाच्या वर गुण पडले नाहींत. पण त्याच्या घरीं १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे आणि तिची बखर त्याला मुखोद्गत आहे. दोन वर्षांपूर्वीं मी तिकडे गेलों असतां तो मला म्हणाला, "सर, आमच्या घरांत आतां एकच वाद शिल्लक आहे." वाद असा, कीं त्याच्या मुलीला नुकताच गाडी चालविण्याचा परवाना मिळाला होता आणि तिचा डोळा बापाच्या मस्टँगवर होता, तर आईनें निक्षून सांगितलें होतें कीं, जोंवर तिचे ब्रेक साठ वर्षांपूर्वींचे आहेत, तोंवर पोरीनें त्या गाडीच्या किल्लीला हात लावावयाचा नाहीं. मातृपक्ष बळकट होता. गाडीला चारही चाकांस ड्रम आणि नळीची व्यवस्था एकेरी. आजच्या रस्त्यावर पुढची गाडी ज्या झपाट्यानें थांबते, त्या झपाट्यानें ही थांबणार कशी?

त्यावर त्यानें काढलेला तोड समजण्यास थोडी वंशावळ पाहिली पाहिजे. १७ एप्रिल १९६४ रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत मस्टँग लोकांपुढें आली, तेव्हां तिच्या रूपावर अमेरिका लुब्ध झाली. दोन वर्षांच्या आंत दहा लाख गाड्या खपल्या. पण त्या रूपाखालचा सांगाडा नवा नव्हता. रॉबर्ट मॅक्नमारा फोर्डमध्यें असतांना (पुढें व्हिएतनामच्या युद्धामुळें ज्यांचें नांव गाजलें तेच हे) १९६० सालासाठीं काढलेली फाल्कन नांवाची काटकसरी, साधी गाडी होती, तिच्या हाडांवर मस्टँगचें मांस चढविलेलें होतें. याच फाल्कनच्या वंशांत पुढें मॅव्हरिक आली, आणि १९७५ सालीं ग्रॅनाडा आली. ग्रॅनाडा ही चौकोनी चेहऱ्याची, बेताच्या गुणांची गाडी. तिच्या जाहिरातींत तिची तुलना मर्सिडीजशीं केलेली असे. जाहिरातींवर विश्वास ठेवूं नये याचा इतका चांगला दाखला क्वचित् सांपडेल. १९८० नंतर ती बंद झाली आणि लोक तिला विसरले. परंतु तिच्या जन्माच्या सुमारास पुढच्या चाकांस तबकड्या ही अमेरिकेंत नित्याची रीत झाली होती, म्हणून तिला त्या जन्मतःच मिळाल्या. आणि आजी एक असल्यामुळें तिच्या पुढच्या चाकांचा भाग मस्टँगला बसतो! भंगाराच्या आवारांत पडलेल्या ग्रॅनाडांचें आयुष्य सरल्यावर कित्येक मस्टँगांस त्यांनीं असे अवयव दिले आहेत. जिवंतपणीं जिला कोणी ओवाळलें नाहीं, तिची आठवण आतां केवळ या दानामुळें उरली आहे.

खुद्द फोर्डनेंही १९६५ पासून मस्टँगला तबकड्या देऊं केल्या होत्या, परंतु जादा पैसे भरणाराला. ते चार दट्ट्यांचे कॅलिपर आज दुर्मिळ व महाग आहेत. ग्रॅनाडाचा कॅलिपर एकाच दट्ट्याचा. तो एका बाजूनें तबकडी दाबतो आणि स्वतः सरकून दुसऱ्या बाजूचें पॅड ओढून घेतो. रचना गरिबाघरची, पण निरोगी. नवे तयार संचही बाजारांत मिळतात. विद्यार्थ्याचा आग्रह मात्र असा, कीं जें बसवावयाचें तें त्याच घराण्यांतलें असावें. ग्रॅनाडा आतां भंगारांतही सहज सांपडत नाहीं. त्याला ती सहा महिन्यांनीं सांपडली.

त्याच्या गाडीघरांत मीं तीन रविवार काढले. दोन्हीं बाजूंचे स्टब अॅक्सल, म्हणजे ज्या दांड्यांवर पुढचीं चाकें फिरतात ते भाग, गंजानें लाल झालेले होते. भंगारांतून काय घ्यावें आणि काय घेऊं नये, याविषयींचें त्याचें शास्त्र कडक होतें. लोखंड घासूनपुसून, तडा नाहीं याची खात्री करून घ्यावें. तबकडीची जाडी मोजावी. कमींत कमी किती जाडी चालेल हें तिच्यावरच कोरलेलें असतें, आणि त्याखालीं उतरलेली तबकडी कितीही चकचकीत दिसली तरी टाकून द्यावी. रबराची नळी, कॅलिपरमधील रबरी कडीं, पॅड, बेअरिंगें हीं जुनीं कधींही घेऊं नयेत. सांपडलेल्या दोन तबकड्यांपैकीं एक मापांत उतरली नाहीं. ती त्यानें मुकाट्यानें बाजूला ठेवली आणि दोन्हीं नव्या आणल्या.

हें बसविणें सोपें. पुढचें काम अवघड, आणि हौशी लोक घसरतात तें तेथेंच. जुन्या मास्टर सिलिंडरमध्यें एक बारीक झडप असते. पाय उचलल्यावरही नळींत ती थोडा दाब राखून ठेवते. ड्रमला तो दाब हवा असतो. तबकडीला तो मिळाला तर पॅड सदैव घांसत राहतात, तापतात, आणि ज्या संकटासाठीं सारा खटाटोप केला तेंच परत येतें. शिवाय कॅलिपरला द्रव अधिक लागतो. म्हणून मास्टर सिलिंडर बदलून १९६७ नंतरच्या पद्धतीचा दुहेरी बसविला: एक कप्पा पुढच्या चाकांचा, एक मागच्यांचा, एक गेला तरी दुसरा राहील. माझ्या मतें या साऱ्या जीर्णोद्धारांत तबकड्यांपेक्षांही या दुहेरी व्यवस्थेचें मोल मोठें. मागचे ड्रम त्यानें तसेच ठेवले. ब्रेक लागतांना गाडीचा भार पुढें झुकतो, मागचीं चाकें हलकीं होतात, आणि त्यांना अधिक दाब मिळाला तर तीं जागच्या जागीं अडकून गाडी फिरते. यासाठीं मागच्या नळीवर दाब कमी करणारी एक झडप घातली.

नळ्यांतील हवा काढावयाचें काम दोन माणसांचें. तो गाडीखालीं, मी पेडलावर. "दाबा, सर." "धरून ठेवा, सर." "सोडूं नका, सर, सोडूं नका!" तीस वर्षें ज्यानें माझ्या आज्ञा ऐकल्या नाहींत त्याच्या आज्ञा मीं तासभर पाळल्या. पहिल्या फेरींत ब्रेक उत्तम लागले, पण गाडी खड्ड्यांतून गेली कीं स्टिअरिंग न हलवतां तोंड फिरवी. ग्रॅनाडाच्या अवयवांत टाय-रॉड जोडण्याची जागा थोडी निराळी असते; आजी एक असली तरी नाती सर्वस्वीं सारख्या नसतात. तें पाऊण इंचाचें भांडण मिटवावयास, टाय-रॉडची पातळी पुनःपुन्हां बदलून पाहण्यांत, तिसरा रविवार गेला.

इतिहासाच्या दृष्टीनें हें कृत्य योग्य कीं अयोग्य, असें त्यानें मला विचारलें होतें. जुन्या वास्तूंविषयीं व्हेनिसची सनद १९६४ सालीं, म्हणजे मस्टँगच्याच वर्षीं झाली. मूळ वस्तु जपावी आणि जी भर घालाल ती भर म्हणून ओळखूं यावी, असा तिचा भाव आहे. शुद्धतावादी म्हणतील, ज्या गाडीचे ब्रेक बदलले ती १९६६ ची राहिली नाहीं. त्यांचें म्हणणें मला अगदींच टाकाऊ वाटत नाहीं. संग्रहालयांत ठेवावयाची गाडी मीं बदलूं दिली नसती. कारण त्या काळीं माणसें कोणता धोका पत्करून हिंडत होतीं, हें ड्रमच सांगूं शकतात. पण आपल्याकडे देऊळ पुजेंत असेपर्यंत त्याची तुळई बदलतात, कळस नवा करतात. पूजा थांबली कीं मग तें पुराणवस्तु होतें. ही गाडी पुजेंतली होती. आणि एकही भोंक नवें न पाडतां, जुन्याच छिद्रांत जुनेच बोल्ट घालून सारें काम झाल्यानें, उद्यां कोणाला वाटलें तर एका दिवसांत ती पुन्हां १९६६ ची करतां येईल. एवढें उत्तर मीं दिलें.

चौथ्या रविवारीं मोकळ्या पटांगणांत त्यानें गाडी प्रथम चालीच्या वेगानें, मग ताशीं वीस, चाळीस मैलांनीं पुनःपुन्हां थांबवून पाहिली. मागचीं चाकें आधीं अडकत नाहींत याची खात्री केली. हात लावून चाकें तपासलीं. मग मुलीला बसविलें. तिची आई दूर उभी राहून पाहत होती. शेवटीं ती मागच्या आसनावर माझ्या शेजारीं येऊन बसली, आणि आम्ही घरीं आलों.

काढलेले दोन ड्रम, चार शू, जुना सिलिंडर आणि नळ्या विद्यार्थ्यानें तेल लावून, कागदांत गुंडाळून एका लांकडी पेटींत भरल्या. झांकणाच्या आंतून यादी चिकटविली: कोणता भाग कोणत्या बाजूचा, कोणत्या तारखेस काढला, त्याच्या जागीं कोणता घातला. तारीख त्यानें इंग्रजींत लिहिली, यादी मराठींत. "हें वाचणार कोण?" असें मीं विचारलें. मुलगी म्हणाली, "मी शिकेन."